फळ्याचा उजवा कोपरा

तुमच्या गावच्या बारावीच्या वर्गात गणित शिकवायला कोणी आहे का? वेळापत्रकात तास लिहिलेला असतो, ते सोडा. खडू हातात घेऊन उभं राहणारं माणूस आहे का? मीही हा प्रश्न कधी विचारला नव्हता. सिहोऱ्याकडच्या आमच्या कॉलेजात छाया मॅडम होत्या. गेल्या महिन्यापर्यंत.

त्या सकाळी मॅडमच्या बारावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्या भावाचा निरोप आला. चहा घेता घेता मॅडम कोसळल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जुनी विद्यार्थिनी म्हणून मीही त्या ग्रुपमध्ये आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि तिच्याखालीच एका मुलीने सोडवलेल्या गणिताचा फोटो येऊन पडला. "मॅडम, हे बरोबर आहे का?" तिने वरचं वाचलंच नव्हतं. तो प्रश्न अजून तसाच आहे. चाळिशीही न गाठलेलं, आदल्या दिवशी वर्ग दणाणून सोडणारं माणूस असं जातं, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही.

मी अकरावीत गेले तेव्हा घरोघरी एकच सल्ला होता, पोरींनी बायो घ्यावं, नर्सिंगला लागावं. गणिताला मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दरवर्षी प्राचार्य म्हणायचे, एवढ्यांसाठी वर्ग कशाला? मग मॅडम स्वतःच गावोगाव फिरायच्या. आमच्याकडे आल्या, ओसरीवर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, पोरीले गणित काहून घेऊ देत नाही?"

"कठीण असते म्हणते, मॅडम. नापास झाली तं?"

"तं मी आहो ना. मले नापास करा."

मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. शिक्षण सर्वांचं, ही ओळ लहानपणापासून माझ्या बोटांना शाईसारखी लागलेली. ती ओळ चपला काढून आमच्या ओसरीवर बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बारावीत क्षेत्रफळाचं प्रकरण आलं तेव्हा मॅडमनी आम्हाला तलावाच्या पाळीखालच्या एका बांधीत नेलं. बांधी म्हणजे धानाचं शेत, आणि ही बांधी आमचीच होती. तिचा धुरा, म्हणजे बांध, वाकडातिकडा वळत जायचा. गावात अशा ठिकाणी लांबी-रुंदीचा गुणाकार करून मोकळे होतात. मॅडमनी आम्हाला सुतळी ताणून अक्ष धरायला लावला आणि धुऱ्याचा कर्व्ह मांडायला सांगितलं. सुतळी आणि धुरा यांच्यामधली जागा काढायची होती. धुरा सुतळीच्या कधी वर जायचा, कधी खाली. मी सरळ इंटिग्रेशन करून टाकलं. खालचा भाग वजा झाला, वरच्या भागाला त्याने खाऊन टाकलं, आणि उत्तर आलं शून्याच्या आसपास. शेजारची दुर्गा ओरडली, "मॅडम, हिनं तं बापाची जमीनच गिळली!"

"मंग यंदा धानाचा रोवणा कुठी लावाचा? आभाळात?" मॅडम हसून हसून धुऱ्यावर बसल्या. मग माझ्या हातातून पेन घेऊन म्हणाल्या, "अक्षाच्या खालीही जमीनच असते ना बाई. तिले वजा काहून करतं?"

हे वाक्य पुढे मी गणिताबाहेर कितीतरी वेळा वापरलं.

वर्गात परतल्यावर माझं चुकलेलं गणित फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात गेलं आणि त्याखाली माझं नाव. मॅडमचा हा रिवाजच होता. चूक पुसायची नाही. ज्याची चूक त्यानेच दुसऱ्या दिवशी उठून सगळ्यांसमोर दुरुस्त करायची, दुसऱ्या कोणी खडू लावायचा नाही. पहिल्यांदा लाज वाटायची. पुढे पुढे कोपऱ्यात नाव नसलं की चुकल्यासारखं वाटायचं...

परवा मी त्या वर्गात गेले. या वर्षीच्या बारावीतल्या रोशनीने मला शेवटचा तास सांगितला. मॅडम फळ्यावर गणित सोडवत होत्या आणि शेवटी 'प्लस सी' लिहायचं विसरल्या. इंटिग्रेशनच्या उत्तराला जोडायचा तो स्थिरांक. त्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली आहेत. रोशनी ओरडली, "मॅडम, प्लस सी कुठी गेला?" वर्गाने बाकं बडवली. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! टाका मले कोपऱ्यात." मग स्वतःच्या हाताने ते उत्तर कोपऱ्यात उतरवलं, खाली 'छाया' लिहिलं आणि म्हणाल्या, "उद्या येऊन दुरुस्त करीन."

ते तिथेच आहे. बाकीचे शिक्षक उरलेल्या फळ्यावर शिकवतात. गणिताच्या तासाला कोणी येत नाही. परीक्षा तोंडावर असताना मुलांना सांगितलं गेलंय, तुमचं तुम्ही बघा. पुढच्या वर्षी गणिताला प्रवेशच देणार नाहीत म्हणे. एक माणूस मरतं आणि एका अख्ख्या गावाचं गणित बंद होतं? मग इतकी वर्षं ते चालवत कोण होतं, कॉलेज की एकट्या मॅडम?

मी रोशनीला म्हटलं, "तूच लिहून टाक ना प्लस सी."

"नाही ताई," ती म्हणाली. "ज्याची चूक त्यानंच."

म्हणून श्रद्धांजलीचे फलक लावू नका. तुम्हाला बारावीचं गणित येत असेल, तर तुम्ही पवनीत दुकान चालवत असा, जवाहरनगरच्या फॅक्टरीत असा की घरी असा, या आठवड्यात जवळच्या कॉलेजात जा. गणिताला कोणी आहे का, ते विचारा. नसेल तर एक तास मागून घ्या आणि उभे राहा. आमच्याकडे आलात तर फळा डावीकडून वापरा. उजवा कोपरा तेवढा राहू द्या.