नॉर्मनची दाढ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण बसलेला नाही. गोंदियाच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. चकवा लागला, झाडाखाली कोणी दिसलं, असं मुलं सांगायची तेव्हा मी त्यांना आधी विचारायची, जेवला होतास का? त्यामुळे अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. पण जे घडलं ते भर उजेडात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं… आणि तेही जंगलात किंवा पडक्या घरात नाही, अटलांटिक महासागरात.

मुळात आम्ही जहाजावर गेलोच कसे, ते सांगते. माझे वडील – आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो – सौंदडला राहतात. वय त्र्याऐंशी, पण अजून रोज बांधावर जाऊन धान बघून येतात. माझा मुलगा इंग्लंडमध्ये आणि मुलगी अमेरिकेत. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून आधी मुलाकडे जाऊन मग पुढे जायचं ठरलं. पण नागपूरहून निघालेले बाबूजी लंडनला उतरले ते डावा कान धरूनच. पडद्याला इजा झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी काही आठवडे विमान बंद सांगितलं. बाळंतपण काही थांबणार नव्हतं… शेवटी मुलाने आमची बोटीची तिकिटं काढली. साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क, एक आठवडा.

क्रूझ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर होती नाचगाणी, स्विमिंग पूल, दंगा करणारी तरुण मुलं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी डायनिंग हॉलच्या बाहेर पाहिलं तर वॉकर आणि व्हीलचेअर रांगेत लावलेल्या – शाळेबाहेर सायकली लावतात तशा. सत्तरीच्या खालचा प्रवासी शोधावा लागत होता. मी साठीची, तर वेटर मला "यंग लेडी" म्हणायचा! लायब्ररीत लोक पुस्तक छातीवर ठेवून झोपलेले, टेबलांवर अर्धवट जुळवलेली कोडी, दुपारी चहाबरोबर व्हायोलिन. संध्याकाळी जोडपी नाचायची, पण गुडघे सांभाळून. वाटेत एकही बंदर नाही, चारी बाजूंना राखाडी पाणी. तरुणांना एवढी सुट्टी कुठली? समुद्र ओलांडायला निघतात ते वेळ असलेले लोक, नाहीतर विमान न सोसणारे.

बाबूजींनी डेकवर उभं राहून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "हे त धानाच्या रोवणीच्या दिवसातलं गाव आहे. जवान सारे बांधीत गेले आन् म्हातारे घरी राह्यले."

आणि त्यांना तिथे करमायला लागलं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण नाश्ता झाला की ब्लँकेट घेऊन बंदिस्त डेकवर ठरलेल्या आरामखुर्चीत जाऊन बसायचे. शेजारी व्हीलचेअरमध्ये नॉर्मन नावाचे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ असायचे. त्यांची बायको जीन तेवढ्या वेळात माझ्याबरोबर चहा घ्यायची. तिच्याकडूनच कळलं की दोन वर्षांपूर्वी आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यात नॉर्मनची वाचा गेली होती. एक शब्द नाही, खुणासुद्धा नाहीत. अमेरिकेत मुलाकडे कायमचं राहायला चालले होते. पण गेल्या काही दिवसांपासून नॉर्मन जेवत नव्हते. चमचा ओठांजवळ नेला की तोंड फिरवायचे.

"मला वाटतं त्याने ठरवलंय," जीन कपाकडे बघत म्हणाली. "मुलाची भेट होईपर्यंत राहिला तरी पुरे."

ती रडली नाही. तिने माझ्यासाठी चहा ओतला.

त्या दुपारी बाबूजी सहज म्हणाले, "त्या नॉरमनची दाढ दुखून राह्यली. खालची, उजवीकडची. म्हणून जेवत नाही तो."

"कोणं सांगतलं तुम्हाले?"

"त्यानंच सांगतलं."

"बाबूजी, त्याले बोलता येत नाही."

"माझ्यासंग त बोलते," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघू लागले.

मी मनात हिशेब मांडला. शेजारी बसलेल्या माणसाने गाल धरलेला दिसला असेल, म्हाताऱ्या माणसाला ते कळतं. तसं समजून मी जीनला सांगितलं, की वडिलांना वाटतंय एकदा दात तपासावेत. जहाजावरच्या डॉक्टरने तोंड उघडून बघितलं… खालच्या उजव्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. औषध सुरू झालं. दोन दिवसांनी नॉर्मननी वाटीभर सूप घेतलं, नंतर बटाट्याचा लगदा. जीन माझा हात धरून नुसती बसून राहिली.

इथपर्यंत ठीक होतं. इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकत होते.

मग मी मुद्दाम त्यांच्या मागच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसले. दहा-साडेदहाची वेळ, स्वच्छ ऊन. बाबूजी बोलायचे, थांबायचे, मान हलवायचे, एकदा तर पोट धरून हसले. त्या वेळात नॉर्मनच्या ओठांकडेच माझं लक्ष होतं. ते हलले नाहीत. इंजिनाची घरघर आणि वारा, याशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. आणि नॉर्मन बसले होते बाबूजींच्या डाव्या बाजूला. त्या कानाने बाबूजींना तेव्हा मी ओरडलेलंही ऐकू येत नव्हतं.

मी पुढे होऊन विचारलं, "का म्हणते तो?"

"तुले नाही ऐकू आलं?" त्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्याने बघितलं. "आपल्यासारखाच त बोलून राह्यला. आता हे आयक. हा बायकोले बटन म्हणते. बायकोले कोणी बटन म्हणते का?" पुन्हा हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "तिले सांग म्हणते – बटनले म्हणा, बाथरूममंधी नळ सोडून रडत नको जाऊ. पोराघरी करमंल मले."

हे सांगायला मला लाज वाटत होती. पण चहाच्या वेळी सांगितलं, जसंच्या तसं.

जीनने कप खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून तो मला बटन म्हणायचा. फक्त दोघंच असलो की. आमच्या मुलालाही ठाऊक नाही." आणि थोड्या वेळाने, "नळाचं तर… मला वाटायचं बाहेर ऐकू जात नाही."

ती उठून डेकवर गेली. काचेतून मला दिसलं, तिने नॉर्मनच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. बाबूजी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघत होते.

न्यूयॉर्कला उतरताना दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला. मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं, बाबूजींचा कान बरा झाला आणि हिवाळ्यात आम्ही विमानाने परत आलो.

मी खूप विचार केला. योगायोग म्हणावं तर ते 'बटन' कुठून आलं? बाबूजींना शर्टाचं बटन तेवढं माहीत. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, तर चिडले – "काऊन एकच गोष्ट इचारतेस? तो बोलला, मी आयकलं." त्यांच्या लेखी यात नवल काहीच नाही.

मागच्या रविवारी मी सौंदडला होते तेव्हा जीनचा व्हिडिओ कॉल आला. नॉर्मन मुलाच्या अंगणात खुर्चीवर होते, गाल भरलेले, नजर कुठेतरी दूर. मी फोन बाबूजींसमोर धरला. पलीकडून आवाज नाही.

"हो, पोचलो बराबर," बाबूजी म्हणाले. मग थांबले. "हो, व्याली ना गाय… नाही, गोऱ्हा झाला. मलेबी कालवडच पायजे होती." पुन्हा थांबले, आणि मोठ्याने हसले.

"काय म्हणतायत ते?" जीनने मला विचारलं.

मला अर्धंच ऐकू येत होतं. तेवढं मी तिला सांगितलं.