तरसाचे मागचे पाय

नुखाला माग काढता येतो, हे वस्तीत कुणी मुद्दाम सांगत नसे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. कंद उकरायला निघालेली नुखा वाळूकडे बघून म्हणायची, पहाटे इथून साळिंदर गेलंय आणि त्याचा एक पाय दुखतोय. बाकीच्या बायका ‘बरं’ म्हणून पुढे चालायच्या. ही विद्या तिला आजीने दिली, तीही गोष्टींमधून. पूर्वी सगळे प्राणी माणसंच होते. मग माळढोकाने मोठा जाळ पेटवला, पंखांनी वारा घातला आणि एकेकाला डागून रूप दिलं. झेब्रा गुमान उभा राहिला म्हणून त्याचे पट्टे रेखीव आले. कुणी मध्येच पळालं, त्याचं ध्यान तसंच अर्धवट राहिलं. वाळूतल्या प्रत्येक ठशाला नुखाच्या डोक्यात अशी एक गोष्ट चिकटलेली होती.

तिची साठी उलटली आणि या साध्या कामालाही कागद लागायला लागला. मुलांना रानात न्यायचं तर माग काढण्याचं प्रमाणपत्र हवं, असं शाळेने ठरवलं. तोवर दर आठवड्याला नुखाच त्यांना नेत होती. त्यात तिची नातही असायची. आजीचंच नाव मिळालेलं, म्हणून सगळे तिला धाकटी नुखा म्हणत. आता ही पोरं वर्गात बसून पुस्तकातला तरस बघणार, या विचाराने नुखाच्या जिवाला चैन पडेना. तिने परीक्षेला नाव दिलं.

आणि पहिल्या खेपेला सपशेल आपटली. सगळं कळत असताना आपटली, हे जास्त वाईट. कलहारी वाळवंटातल्या या वस्त्यांत शिकारी कितीही मोठं जनावर पाडून आला, तरी मुकाट शेकोटीशी बसतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, छे, काही नव्हतं, एवढंसं काहीतरी दिसलं. लोक ओळखतात की घबाड लागलंय. पुन्हा खोदून विचारतात, आणि मग मांस आणायला गेले की, ही हाडकं बघायला एवढं चालवलंस का, म्हणून त्याची यथेच्छ टर उडवतात. त्याशिवाय त्याचे पाय जमिनीवर राहायचे नाहीत.

परीक्षक कावेजुरा गुराख्यांच्या मुलखातला. भाषा त्याला येत होती, रीत ठाऊक नव्हती. त्याने एका ठशाभोवती काठीने गोल काढला आणि विचारलं, हे कोण? नुखा म्हणाली, मला म्हातारीला काय कळतंय, गेलं असेल काहीतरी किडूकमिडूक. मग तो पुन्हा विचारील म्हणून थांबून राहिली. त्याने वहीत फुली मारली. दिवसभर हेच चाललं. शेतांवर चाकरी केलेले पुरुष परक्यांशी धडाधड बोलायला शिकलेले होते; ते पास झाले.

वर्षभराने ती पुन्हा निघाली, तेव्हा नवरा, खाओ, म्हणाला, “या खेपेला फुशारकी मार. सरळ सांग, मला येतं.”

“तूच मार. तुला काही येत नाही, तुला शोभेल.”

कोरड्या तळ्याच्या काठी कावेजुराने एक लांबलचक माग दाखवला. मोठा ठसा आणि त्याच्या मागे लहान, पुन्हा मोठा आणि लहान. तिघा उमेदवारांनी सांगून टाकलं, तरसाची मादी आणि तिचं पिल्लू. कावेजुरानेही तसंच लिहून ठेवलं होतं. मग तो नुखाकडे वळला.

किडूकमिडूक हा शब्द अगदी ओठावर आला होता. तिने तो गिळला. पण मला येतं, हेही तोंडातून फुटेना. लाजेने तिचे कान तापले. ती मटकन वाळूत बसली आणि आजीच्या सुरात बोलायला लागली.

“तरस तेव्हा माणूस होता, आणि हावरट. सगळे रांगेत उभे, हा जाळाकडे पाठ करून हाडूक चघळत बसला. बूड भाजलं तसा बोंबलत पळाला. मागचे पाय आखडले ते आखडलेच, पुढचे तेवढे धड राहिले. तेव्हापासून तो सांगत फिरतो, माझ्या मागे पोर नाही चालत, माझंच बूड चालतंय.”

तिघे उमेदवार हसले. कावेजुरा हसला नाही.

“म्हणजे एकच जनावर, असं तुझं म्हणणं?”

“मी कुठे म्हटलं? तरस म्हणतो.”

दाखव, तो म्हणाला. नुखा उठली आणि चालायला लागली. माग कठीण जमिनीवर हरवला तरी ती थांबली नाही. तरुण माणसं मागे रेंगाळली, ही आपली झपाझप पुढे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका काटेरी झुडपाखालून झिपऱ्या केसांचा तपकिरी तरस उठला. एकटाच होता. अंग झाडून, खाली झुकलेलं बूड घेऊन तो निघून गेला. वाळूत ताजे ठसे उमटले, पुढचे मोठे आणि मागचे लहान. कावेजुराने गुडघे टेकून ते बोटांनी मोजले आणि वहीतलं स्वतःचंच उत्तर खोडलं. संध्याकाळपर्यंत मग तो प्रत्येक ठशापाशी एवढंच विचारत राहिला, “हा काय म्हणतो?” नुखाने एकही चुकवला नाही.

ती घरी आली तेव्हा वस्ती गोळा झाली होती. खाओने प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं.

“एवढ्यासाठी दोन दिवस गेलीस? यात चहासुद्धा गाळता यायचा नाही.”

चरबी तर दिसतच नाही, शेजारीण म्हणाली. कुणी म्हणालं, हे उचलून आणायला आम्हाला बोलावलं नाहीस ते बरं, कंबर मोडली असती. प्रत्येकाने हातात घेऊन नाक मुरडलं. नवऱ्याची, भावांची अशी टर उडवलेली नुखाने जन्मभर ऐकली होती. तिची कुणी कधी उडवली नव्हती.

“टाका फेकून,” ती रीतीप्रमाणे म्हणाली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

दोन दिवसांनी पोरं पुन्हा रानात गेली. नुखाने एका ठशाभोवती गोल काढून धाकट्या नुखाला विचारलं, हे कोण? पोरीने मान खाली घातली आणि म्हणाली, मला काय कळतंय, असेल काहीतरी एवढंसं.

नुखाने पुन्हा विचारलं.