व्हॉल्व्हमन, एक नग

नगरपरिषदेत नोकरी करणाऱ्यानं डायरी लिहू नये. एक तर वेळ मिळत नाही, आणि लिहिलंच तर कुणाला खरं वाटत नाही! फाइल कधी ना कधी निकाली तरी निघते, किस्से नुसते साठत जातात. मी रोज मुकुंदवाडीहून एसटीनं तासभर लांब आमच्या गावाला जाते आणि आस्थापना विभागात बसते. कोण कामावर, कोण रजेवर, कोण कायम, कोण रोजंदारीवर, हे सगळं माझ्याकडं.

माझ्या निम्म्या किश्शांत एकच माणूस सापडतो. रशीदभाई, आमचे व्हॉल्व्हमन. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते यांच्या हातात. खांद्यावर सदा ती लांब लोखंडी चावी. तिचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला लावलं की पाइप कुठं फुटलाय ते बरोबर सांगणार. माणसांचं बोलणं मात्र तीनदा सांगावं लागतं!

एवढा माणूस, पण रोजंदारीवर. साठीच्या आत कायम झाले तर पुढं पेन्शन तरी, नाहीतर एक दिवस "उद्यापासून येऊ नका" म्हणायचं, संपलं. साठीला वर्ष उरलं होतं आणि त्यांची फाइल माझ्या टेबलावर होती. त्या फाइलकडं बघितलं की माझं डोकं उठायचं.

*

नवे मुख्याधिकारी आले. तरुण, पहिलंच पोस्टिंग. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "पाइपलाइनचा नकाशा आणा."

सगळे रशीदभाईंकडं बघायला लागले. रशीदभाईंनी बोटानं स्वतःच्या डोक्याकडं दाखवलं.

"मला कागदावर पाहिजे!"

तीन दिवसांनी कागद आला. त्यावर "गिरणी (पडली)", "लिंब (तोडला)", "पाटलाची म्हैस" अशा खुणा. साहेब नकाशा घेऊन स्वतः गल्लीत गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, म्हैस कुठंय इथं?"

"भैंस तो कबकी मर गई साब," रशीदभाई शांतपणे म्हणाले, "व्हॉल्व्ह हाय की!"

*

बाजारगल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. नगराध्यक्षाबाईंनी फीत कापली, फोटो निघाले. तिसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचं पाणी बंद, कारण व्हॉल्व्ह रस्त्याखाली!

रशीदभाई हनुमानाच्या ओट्यापासून पावलं मोजत निघाले. अकराव्या पावलावर थांबले. "इथं फोडा."

ठेकेदार लालबुंद. "नवाकोरा रस्ता हाय! एक फूट जरी इकडंतिकडं निघालं तर बघा!"

फोडला. बरोबर खाली व्हॉल्व्हचं झाकण, आणि झाकणावर सिमेंटात रुतलेली एक चप्पल. काम चालू असताना रशीदभाईंनी खूण म्हणून ठेवलेली. ठेकेदाराच्या माणसांनी तिच्यासकट रस्ता ओतला होता!

साहेब म्हणाले, "रशीदभाई, कमाल केलीत तुम्ही!"

रशीदभाई चप्पल झटकत होते. "दुसरी घर में संभाल के रखी है साब. मेरेकू मालूम था, मिलेगी."

*

आता फाइलकडं येते. कायम करायचं तर सलग नोकरीचा पुरावा पाहिजे. मी जुने हजेरीपट काढले, तर वाळवीनं खाल्लेले. त्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये खरंच रडले.

मग आठवलं. व्हॉल्व्हमनचं पद मंजूर नव्हतं, म्हणून पूर्वीच्या एका कारकुनानं रशीदभाईंना साठ्याच्या वहीत साहित्य म्हणून दाखवलं होतं. ब्लीचिंग पावडर, पाइप, रशीद. पहिल्याच वर्षी लेखापरीक्षक अडून बसले, "बाकी सगळं बघितलं. हा 'रशीद, एक नग' दाखवा!" रशीदभाईंना समोर उभं केलं. लेखापरीक्षकांनी वरून खालपर्यंत बघितलं आणि लिहिलं, "प्रत्यक्ष आढळला. चालू स्थितीत." पुढं दरवर्षी तेच, सहीशिक्क्यानिशी.

साठ्याच्या त्या वह्या लोखंडी कपाटात होत्या. त्यांना वाळवी लागली नव्हती!

मी ते गठ्ठे निवड समितीपुढं ठेवले. अध्यक्षांनी एकेक पान उलटलं, हसले, चष्मा पुसला. म्हणाले, "नगरपरिषदेची एवढी वर्षं चाललेली वस्तू मी पहिल्यांदाच बघतोय." आणि सही केली.

रशीदभाईंनी मला हळूच विचारलं, "मॅडम, गंज चढला असं तर लिवलं नाय ना कुणी?"

*

शेवटचा कागद राहिला, तब्येतीच्या दाखल्याचा. साठीला आठ दिवस उरले होते. मी स्वतः त्यांना घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेले. चावी सोबत होतीच. ती घरी ठेवा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं.

डोळे झाले, छाती झाली. मग कान. तरुण डॉक्टरबाईंनी हेडफोन चढवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काका, कान लावून ऐका, आणि काही असलं तर सांगा!"

"हौ."

मशीन सुरू झालं. रशीदभाई डोळे मिटून गप्प. डॉक्टरबाईंनी आवाज वाढवला. गप्प. आणखी वाढवला, हेडफोनच्या बाहेर मला ऐकू यायला लागला. तरी गप्प! डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि कागदावर लिहिलं, "अपात्र". मी हात जोडले, त्यांनी नकारार्थी मान हलवली.

रशीदभाईंनी हेडफोन काढला. उठले, चावीचं टोक कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला.

"डॉक्टरसाब, इधर अंदर पानी जा रहा है. लई दिवसांचं हाय."

"अहो, ती भिंत कोरडी आहे!"

तरी डॉक्टरबाईंनी प्लंबर बोलावला. त्यानं चार टाइल्स काढल्या, तर आतून पाण्याची धार थेट टेबलावर. अपात्रतेचा कागद चिंब!

डॉक्टरबाईंनी तो चुरगाळला, नवा काढला, "पात्र" लिहून सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "काका, मघाशी मशीनचे आवाज खरंच ऐकू आले नाहीत?"

"आले की," रशीदभाई म्हणाले. "सगळे आले. पर उसमें लीकेज कुठंच नव्हता, तर मी काय सांगू?"