तिन्ही रिपोर्टांत एकच आकडा

माझी डिलिव्हरी नॉर्मल झाली. पनवेलच्या नर्सिंग होममध्ये बर्फीचा पहिला पुडा फुटला आणि रोडपालीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेवटचा संपला, तोवर हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. सिझर नाही, पोट फाडलं नाही, नशीब काढलंस. मुलगी वजनदार होती. कळा देऊन देऊन मी अर्धमेली झाले, तेव्हा शेवटी व्हॅक्यूम लावून तिला ओढून काढलं आणि मला खाली टाके घातले. किती, ते मी विचारलं नाही. त्या टेबलावर माणूस फारसं काही विचारत नाही. हे सगळं दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराचं.

बाळंतपणानंतर मी माहेरी गेले, उरणजवळच्या मोऱ्याला. तिथे एके दिवशी सकाळी मुलगी रडली म्हणून उठले आणि मला कळायच्या आत माझा गाऊन खराब झाला. शी झाली होती. मुलीला नाही, मला. मी तशीच उभी राहिले. आईने पाहिलं, पाणी तापवलं, मला धुतलं, गाऊन धुतला. उरणच्या बाजारात 'म्हावरं, म्हावरं' ओरडून मासळी विकताना जिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, ती माझी आई त्या दिवशी कुजबुजली.

"बालंतपनात सगल्यांचंच व्हतं, बाय. गप ऱ्हा. कोनाला बोलू नको."

मला तिचा राग आला. एम.एस्सी. झालेल्या, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला हे उत्तर? सगळ्यांचंच होत असतं तर जगातल्या निम्म्या बायका घराबाहेर पडल्या नसत्या. असं मला तेव्हा वाटलं.

गप्प मात्र राहिले. रजा संपल्यावर पनवेलच्या कॉलेजात रुजू झाले आणि माझं सगळं शहाणपण एकाच कामाला लागलं, लपवण्याच्या. गडद रंगाचे ड्रेस. पर्समध्ये दुसरी सलवार. सकाळी पोटात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. लग्नात शेवटच्या रांगेत, दाराशी. पूजेला बसायचं म्हटलं की मी अडचण आली म्हणून सांगायचे. सुनेची अडचण महिन्यातून तीनदा कशी येते, याचं सासूबाईंना नवल वाटायचं, पण त्या भल्या बाई, विचारायच्या नाहीत. नवऱ्यापासून वेगळी, खाली गादी घालून झोपायचे, गादीवर मुलीचंच रबरी कापड. तो बंदरातल्या एका कचेरीत कामाला होता. साधा, सज्जन माणूस. शेवटी त्यालाच सांगितलं. तो घाबरला, आणि घाबरला की तो कागद गोळा करतो. त्याने फाइल केली.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. बाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, आत बाकड्यांवर पोटुशा बायका. शेजारचीने मला कितवा महिना म्हणून विचारलं. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी ओरडली, "ती खालची सोनोग्राफी कोणाची आहे?" सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत पडद्याआड पाय दुमडून झोपायचं, थंडगार जेली, आणि जिथे टाके घातले तिथे यंत्राचा दांडा. स्क्रीनवर करडं काहीतरी हलत होतं. डॉक्टरांनी त्या करड्यात दोन बारीक फुल्या टाकल्या, एक इथे, एक तिथे, आणि कोपऱ्यात आकडा उमटला. शी रोखून धरणाऱ्या स्नायूची जाडी पाच पूर्णांक दोन मिलिमीटर. स्नायू सलग आहे, फाटलेला नाही. सगळं नॉर्मल.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि मला समजावलं. स्नायू फाटला असता तर सर्जनने शिवला असता. न फाटलेलं शिवणार कसं? मी व्यायाम केले. पोटाखालचं सगळं आवळायचं, सोडायचं, आवळायचं. काही फरक पडला नाही. म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो, मग तिसरीकडे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, "जुने रिपोर्ट आणलेत का?" नवरा अभिमानाने फाइल पुढे करायचा. तारखेप्रमाणे लावलेली, ताजा कागद सगळ्यात वर. डॉक्टर ती वाचायचे, मान डोलवायचे आणि मग दांडा हातात घ्यायचे. दोन्ही ठिकाणी स्नायू सलग निघाला.

"तीन-तीन डॉक्टर एकच सांगतायत," नवरा म्हणाला. "तिघंही चुकतील का?"

तो वाईट बोलला नव्हता. मला धीर द्यायला बघत होता. पण त्या रात्रीपासून घरात माझ्या बोलण्याला वजन उरलं नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. बाळंतपणानंतर काही बायकांना असं वाटतं, म्हणाले. वाटतं! माझी सलवार त्यांनी धुवायला हवी होती. तरी मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, त्यांच्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी झोप यायची आणि झोपेत गादी खराब व्हायची. हळूहळू मीच स्वतःवर संशय घ्यायला लागले. आपण नीट आवळत नसू. आपल्यातच आळस असेल. स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःलाच खोटं ठरवणं, याच्याइतकं एकटं दुसरं काही मला ठाऊक नाही.

मला काय हवं होतं, तर फाटलंय असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. दुसरी बाई फाटलं नाही म्हणून देवाला नारळ फोडेल. मी फाटावं म्हणून नवस बोलले असते.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही तारेचा व्यास मोजायला लावतो. बारीक तार, स्क्रू गेज, प्रत्येकाने आपापल्या हाताने मोजायचं. एका बॅचच्या सगळ्या जर्नलांत मला एकच आकडा दिसला. दशांशसुद्धा हललेला नाही. मी नेहमीसारखी कडाडले. "कोणाची नक्कल केलीत? खरंच मोजलं असतं तर कोणाचं थोडं कमी आलं असतं, कोणाचं थोडं जास्त! इतकं जुळतं तेव्हा एकानेच मोजलेलं असतं!" आणि बोलता बोलता मीच थांबले. पोरं बघतच राहिली. मी त्यांना तार परत मोजायला लावली आणि खुर्चीवर बसले.

घरी जाऊन फाइल उघडली. पाच पूर्णांक दोन. पाच पूर्णांक दोन. पाच पूर्णांक दोन. माझ्या अंगातला जिवंत स्नायू, तीन वेगळी यंत्रं, तीन वेगळे हात, कोणी दांडा दाबून धरलेला, कोणी अलगद, आणि दशांशसुद्धा हललेला नाही. ते खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. आधीचा आकडा समोर होता. फुली आपल्याच बोटांनी सरकवायची असते, आणि आकडा ओळखीचा आला की बोट थांबतं. तिघांनी मोजलं नव्हतंच. एकाने मोजलं होतं, तेही बहुधा चुकीचं, आणि आमचीच फाइल ते पुढच्या दोघांना पढवत होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण जुळले म्हणजे बरोबर ना?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. मुलीला घेऊन मोऱ्याला गेले, तिला वहिनीच्या हवाली केलं, फाइल आईच्या कपाटात कोंबली आणि आईला सोबत घेऊन मुंबईची लाँच धरली.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, "जुने रिपोर्ट?"

"नाहीत," मी म्हणाले. "हरवले."

त्यांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या आणि मग पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. मुलीचं वजन, व्हॅक्यूम, टाके, कधी गळतं, किती गळतं. कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. तपासताना त्या दांडा जराही दाबत नव्हत्या. आवळा म्हणाल्या, सोडा म्हणाल्या, पुन्हा आवळा. मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्या बाईंना बोलावलं, स्वतः बाहेर गेल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "तू बघ. मी काही सांगत नाही." दुसऱ्या बाईंनीही तसंच सगळं केलं. मग दोघींनी आकडे समोरासमोर ठेवले. स्नायूत फट होती. एकीच्या मापात ती थोडी मोठी होती, दुसरीच्या थोडी लहान.

"एवढा फरक राहतोच, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण फट आहे, याबद्दल आमच्यात दुमत नाही."

त्या टेबलावर पाय दुमडलेल्या अवस्थेत मी हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं मी हादरले. मला त्या न जुळणाऱ्या आकड्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

कपडे करून समोर बसल्यावर उरलेलं कळलं. बाळंतपणाच्या वेळीच फाटलं होतं. वर कातडी शिवली, आतलं तसंच राहिलं. तेव्हाच लक्षात येऊन शिवलं असतं तर चांगली आशा होती. आता दोन वर्षांत फाटलेली टोकं मागे सरकलीत, स्नायू सुकलाय. ऑपरेशन करता येईल. थोडंफार सुधारेल. पहिल्यासारखं होईल असं त्या सांगणार नाहीत. दुसरं मूल हवं असेल तर सिझरच.

म्हणजे मी खरी ठरले होते, आणि त्याचा उपयोग फारसा नव्हता. ती दोन वर्षं त्या पाच पूर्णांक दोनने खाल्ली. हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही आणि तो घालवायचा मी प्रयत्नही करत नाही.

आई त्या खोलीत माझ्या शेजारीच बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी कागदावर चित्र काढून दाखवलं, स्नायूचं गोल कडं आणि त्यातली फट. आईने ते चित्र नीट पाहिलं.

आम्ही परतीची लाँच धरली. मोरा बंदर दिसायला लागलं तेव्हा ओहोटी होती. धक्क्याजवळ गाळ वर आलेला, म्हणून लाँच पाणी चढायची वाट बघत उभी राहिली. लोक वैतागले, कोणी फोन लावू लागलं. आम्ही दोघी कडेच्या बाकावर. मला वाटलं, आई आता म्हणेल, मी चुकले, तुला गप्प राहा म्हणाले. ती पाण्याकडे बघत होती.

"त्या मशीनवर माजं पन दिसल काय गो?"

"तुझं काय दिसेल?"

"फाटलेलं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी तिचा हात धरला.

"आय, कधीपासून?"

"तुज्या टायमापासून." ती अजून पाण्याकडेच बघत होती. "म्हावऱ्याच्या वासात कोनाला काय कलतं?"

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.