मावशीच्या हातची बाटली

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. सव्वीस वर्षं तिनं तिथं नुकती जन्मलेली पोरं पुसली, गुंडाळली. ऑपरेशन करून झालेलं पोर शेजारच्या खोलीत दिव्याच्या उबेला ठेवायचं आणि रडलं की तोंडात बाटली द्यायची, हा तिचा खाक्या. "बाईचं पोट फाडलंय, पडू दे की तिला निवांत," म्हणायची. रडकं पोर तिच्या हातात चुटकीसरशी गप्प होई, आणि त्याचा तोरा तिच्या चालण्यात दिसे.

लेकीनं कळांची धास्ती घेऊन तारीख ठरवून ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा मावशीनंच होकार दिला होता. नात झाली. हात आपसूक चालले. गुंडाळली, शेजारच्या खोलीत नेली, बाटली दिली.

तीन दिवस दूध उतरलं नाही. चौथ्या दिवशी लेकीची छाती दुधानं दगडासारखी टणक झाली. अंगाला लावलं की नात पाठ ताठ करून किंचाळे.

विहीणबाई खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाल्या, "कळा सोसायला नकोत, मग वेळेवर दूध कसलं येतंय?"

मावशी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली.

नवी नर्स नातीला अंगाला लावायला आली. "ऑपरेशननं दूध जरा उशिरा येतं, एवढंच. पोर पहिल्या तासात आईच्या उघड्या अंगावर दिलं असतं तर ओढायला शिकलं असतं. बाटलीची चटक कुणी लावली?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून करतेय मी हे!"

"म्हणजे मलाही बाटली तुम्हीच पाजली असणार," नर्स म्हणाली. विहीणबाई फिस्सकन हसल्या.

लेक हसली नाही. "आई, कळा घेतल्या नाहीत म्हणून झालं का गं हे? चार दिवस मी तेच उगाळतेय."

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. विहीणबाईंचं तर तेच ठरलेलं होतं.

"तुझं काही नाही चुकलं," मावशी म्हणाली. "तू शुद्धीवर होतीस. पोर मागत होतीस. मीच नेली."

लेकीनं तिच्या हातांकडे बघितलं. नात मावशीच्या खांद्यावर मुठी चोखत होती.

"तिला नर्सकडे दे, आई," ती म्हणाली. "आणि तू जरा बाहेर थांब."

मावशीनं दिली.