शेवटच्या सीटखालची हवा

चाक खोलताना आत्या वॉल्वच्या टोप्या एप्रनच्या खिशात टाकायची. उजव्या चाकांच्या उजव्या खिशात, डाव्यांच्या डाव्या. जुनं रबरी सील काढलं की कात्रीने त्याचे दोन तुकडे करायची, कोणी पुन्हा बसवू नये म्हणून. सेन्सरचा नट आवळताना रेडिओ बंद करायला लावायची. पान्याचं ‘टक्’ तिला ऐकू यावं लागे. चहा स्वतःच थंड होऊ द्यायची आणि थंड झाला म्हणून कुरकुरायची.

टायरच्या दुकानात ती बावीस वर्षं होती. दुकानाचा मालक तिच्याहून मोठा, पण तोही तिला आत्याच म्हणायचा. मी साहित्यात एम.ए. करून शाळेची व्हॅन चालवतो. ती मला ‘एम.ए.’ म्हणायची. आमची मैत्री अशी सुरू झाली.

त्या दिवशी व्हॅनचा मागचा डावा टायर बदलायचा होता. तिने टोपी काढून खिशात टाकली आणि हवा सोडली.

“एम.ए., पुढे बस. पडद्यावर त्या चाकाच्या हवेचा आकडा वाच.”

“पस्तीस.”

हवा सुसाटत होती. “आता?”

“पस्तीस.”

टायर जमिनीवर पसरला. “आता तरी?”

“पस्तीसच, आत्या.”

“गाडी तुझ्यावर गेलीय. वास्तवाशी संबंध नाही.”

प्रत्येक चाकात एक सेन्सर असतो. हवा कमी झाली की तो पुढच्या काचेखालचा दिवा लावतो. त्याला जागं करायचं हातातलं यंत्र घेऊन ती चारही चाकांभोवती फिरली. एकही बोलला नाही. मग ती गाडीत शिरली. शेवटच्या सीटपाशी चौघेही बोलले.

सीटखाली पोत्यात गुंडाळलेला नळाचा प्लॅस्टिकचा पाइप होता. दोन्ही तोंडं बंद, आत दाबून भरलेली हवा. चारही सेन्सर त्यात. चाकं रिकामी झाली असती तरी पाइप भरलेला राहिला असता. त्या सीटवर रोज तीन मुलं बसतात. गाडीत एकूण बारा. दिवा कधी लागत नाही म्हणून मी या गाडीचं कौतुक करत आलो होतो.

मी व्हॅनच्या मालकाला फोन केला. तो लगेच आला.

“इतक्या वर्षांत एक तरी टायर फुटला का, आत्या?”

“तुमच्या दिव्याला विचारू नका. त्याला कळलं नसतं.”

“तुमचं काम टायर बसवायचं. तो पाइप होता तिथे ठेवा.”

आत्याने पाइपमधली हवा सोडली. पुढे दिवा पेटला. मग तिने पाइप शिकंज्यात धरला आणि करवतीने कापला. सावकाश, सेन्सरला धक्का न लावता.

“घ्या,” ती म्हणाली. “ठेवा होता तिथे.”

दुकानाचा मालक धावत आला. “आत्या, यांच्या नऊ गाड्या आपल्याकडे येतात.”

“मग नऊही शेवटच्या सीटा बघू.”

ती खाली बसली आणि कामाला लागली. नवं सील, नवा नट, टक्. तीन सेन्सर चाकांत गेले. चौथा बसवायच्या आधीच गप्प झाला; त्याची जुनी बॅटरी संपली होती. नवा मागवावा लागणार होता. तोवर तिने मागच्या डाव्या चाकाला साधा रबरी वॉल्व बसवला.

व्हॅनचा मालक निघून गेला. दुकानाचा मालक तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्यापासून येऊ नका.”

“चौथा बाकी आहे.”

“आत्या, ऐका माझं.”

“बावीस वर्षं ऐकलं. आवाज रेडिओचाच जास्त होता.”

तिने हात धुतले. माझ्या हातात हवा मोजायचं आपलं मीटर ठेवलं. “रोज सकाळी. चारही. दिवा खोटं बोलला तरी तू बोलू नकोस.” आणि ती एप्रनसकट चालू लागली.

नवा सेन्सर कोणी मागवला नाही. एक अजून गप्प आहे, म्हणून दिवा जळतोच. त्यावर काळी पट्टी चिकटव, असं व्हॅनचा मालक मला दोनदा म्हणाला. मी चिकटवली नाही. मुलं विचारतात, मी सांगतो. आता त्यांचे आईवडीलही विचारू लागलेत.

रोज सकाळी मी चारही चाकं मोजतो. दुकानातून मिळालेल्या कामाच्या कार्डावर आत्याच्या अक्षरात तीन खुणा आहेत आणि खाली लिहिलंय : मागचं डावं, बाकी. त्या चाकाच्या वॉल्वला टोपी नाही. ती तिच्या डाव्या खिशात राहिली.