नाव न घेता मारलेल्या हाका

अहो! अहो, मागे बघा! मागे बघा ना!

मी ओरडत होते आणि ते काही मागे बघत नव्हते. ते तिकडे खडकावर वाकून कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्या, काढत होते, तोंड समुद्राकडे, पाठ माझ्याकडे. आणि आमच्या मधे जी घळ होती ना, जिच्यातून मघाशी ते चपला हातात धरून घोटाभर पाण्यातून पलीकडे गेले, ती भरत चाललेली. लाट नाही, आवाज नाही, गपचूप. मी पोरीला पदराखाली घेऊन पाजत बसलेली, माझं लक्षच नव्हतं. वर बघते तर जिथून ते गेले तिथे वाळूच नाही, नुसतं हिरवं पाणी. आणि त्यांना पोहता येत नाही. कोकणातला माणूस, पण पोहायला शिकायच्या आधीच मुंबईला आणलेला.

पोरीला कडेवर घेतली आणि पाण्याच्या काठापर्यंत धावले. अहो! अहो ऐका ना! वारा समोरून येत होता, माझी हाक माझ्याच तोंडात परत येत होती.

थांबा, आधी आम्ही तिथे गेलो कशाला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल तान्ह्या पोरीला घेऊन ही बाई दर्यावर काय करत होती.

आम्ही कांदिवलीला राहायचो, चाळीत, एक खोली. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि आमची सहा महिन्यांची मुलगी. मिस्टर आधी गिरणीत होते, कापड विणायच्या साच्यांवर. गिरणी बंद पडली तेव्हा साकीनाक्याला एका लहान कारखान्यात लागले. तिथलं काम ते करायचे पण रविवारी त्यांना घरात बसवायचं नाही. गिरणीत होते तेव्हा रविवारी भजन, कबड्डी, गाववाल्यांच्या खोलीवर पत्ते, सगळं असायचं. आता गाववाले कोण गावाला गेले, कोण कुठे गेले. मग यांनी एक नवीनच खूळ काढलं. बसमधे बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं, आणि तिथून पुढे चालायचं.

"बस जिथे वळते ना," म्हणायचे, "तिथून पुढे खरी मजा."

सासूबाई चिडायच्या. "तान्ह्या पोराक घेवन रानात खंय जातास रे?"

"आये, हवा खायला."

"हवा खिडकीत येना नाय?"

पण जायचो. मला आधी भीती वाटायची, मला सगळ्याचीच वाटते. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीपर्यंत चालत गेलो तेव्हा मी अर्धा रस्ता यांचा शर्ट धरून चालले. म्हटलं, वाघ आला तर? तर म्हणाले, "रविवार आहे आज, त्यालाही सुट्टी असते." पण खरं सांगते, झाडाखाली बसलं की पोरगी झकास झोपायची. घरात रात्रभर किरकिर करणारी पोर, पानं हलताना बघत बघत डोळे मिटायची. मीपण मग हळूहळू शर्ट सोडला. बसच्या कपाळावरचे मराठी आकडे मीच वाचायची, पाटी मीच वाचायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण बसपुरती पुरते.

त्या रविवारी मालाडहून मार्व्याची बस घेतली. शेवटचा स्टॉप. तिथून होडीने मनोरीला, आणि मनोरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गोराईला जायचं, मग परत होडी आणि बोरिवलीची बस, असा बेत. थंडीचे दिवस होते, ऊन लागत नव्हतं. ओली वाळू घट्ट असते, चालायला बरी. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सुरूची झाडं आणि ताडाची झाडं, मधे आम्ही तिघंच. गाडी नाही, हॉर्न नाही. चपला काढून मी किती वर्षांनी अशी चालले. मधे एका ठिकाणी सावलीला बसलो, भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. तिथेच थोड्या अंतरावर एक कोळीण बसलेली, म्हातारीच, टोपली पुढ्यात घेऊन कालवं फोडत.

यांनी तिची टोपली बघितली आणि यांचा चेहराच बदलला. गावची आठवण आली असणार. खिशातून लोखंडी कांब काढली, म्हणजे घरून ठरवूनच आलेले. खडकाकडे निघाले.

"अहो, पाणी येईल ना?"

"ओहोटी आहे गं, तिथी मोजूनच आलोय. आणि आलं तर समोरूनच येणार, दिसेल की मला."

तिथेच चुकलं सगळं. त्यांच्या गावाला पाणी समोरून येतं, सरळ, सगळ्यांना दिसेल असं. इथे ते बाजूने वळून मागच्या घळीत आधी शिरतं. ते समोर बघत राहिले आणि ते मागून आलं.

तर मी काठावर उभी, पोर कडेवर, अहो अहो करत. माझा आवाज ऐकून ती कोळीण लंगडत लंगडत आली. बघितलं आणि तीपण ओरडायला लागली. "ए बाबा! ए भाऊ! पानी भरला रं!" ते ढिम्म. मी साडी वर खोचली आणि पाण्यात पाय घातला, तर तिने माझा दंड धरला.

"पोहता येतं तुला?"

"नाही."

"मंग मरशील पोरीसकट. खालती खोल हाय. नाव घेऊन हाक मार ना त्याला! अहो अहो काय करते?"

आता कसं सांगू तुम्हाला. एक तर त्यांचे कान. वर्षानुवर्षं साच्यांच्या खडखडाटात उभे राहिलेले, त्यांना ए, अरे, अहो, असलं काही ऐकूच यायचं नाही. घरीपण मी हात लावूनच बोलायची. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि बाकी सगळेही एकमेकांना नावानेच बोंबलायचे, त्यामुळे तेवढं एक त्यांच्या कानात शिरायचं, स्वतःचं नाव. हे मला माहीत होतं. चाळीत खालून कोणी मित्राने नावाने हाक मारली की तिसऱ्या मजल्यावर झोपलेला हा माणूस उठून बसायचा.

पण मी नाव कसं घेणार? आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बसवून सांगितलं होतं, "घोवाचा नाव घेवचा नाय गो. आयुष्य कमी जाता तेचा." आणि हे त्या उगाच नाही बोलत. त्यांनी एकदा भांडणात, रागाच्या भरात, सासऱ्यांचं नाव घेतलं होतं, तोंडावर. आणि महिन्याभरात सासरे गेले. तापाने गेले असं सगळे म्हणतात. सासूबाई म्हणत नाहीत.

"नाव सांग, मी मारते हाक," कोळीण म्हणाली.

सांगायचं म्हणजे परत घ्यायचंच ना! मला काही सुचेना. मी खाली बसले आणि बोटाने वाळूत लिहिलं, मोठ्या अक्षरात, काना मात्रा सगळं. म्हटलं, "हे वाचा. हे."

ती वाळूकडे बघते, माझ्याकडे बघते. "येडी का खुळी तू? मना वाचता आला असता त मी इथं कालवं फोडत बसली असती काय?"

पाणी खडकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं. ते अजून वाकलेले, रुमालात कालवं भरत.

आणि मला एकदम आठवलं. उखाण्यात चालतं! उखाण्यात नाव घेतलं तर दोष नाही, सासूबाईंनीच लग्नात दारात अडवून घ्यायला लावला होता. मी उभी राहिले, पोरीचे कान हाताने झाकले आणि जेवढा श्वास होता तेवढ्याने ओरडले:

"दारात काढली रांगोळी, ताटात वाढला भात, "

आणि त्यांचं नाव, पुढे राव लावून,

"रावांचं नाव घेते, येऊ द्या मला आत!"

कोळीण तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत राहिली.

ते ताठ झाले. खरंच, कमरेतून सरळ उभे राहिले. पण समोरच बघत होते, समुद्राकडे, जसं काही तिकडूनच कोणी बोलावलं. आणि मग परत वाकले.

मला दुसरा उखाणा आठवेना. देवाशप्पथ सांगते, लग्नात दहा पाठ होते, एक आठवेना. भात, आत, एवढंच डोक्यात. पाणी वर येतंय, पोर रडायला लागली, आणि माझ्या तोंडातून नुसतं नाव निघालं. राव नाही, काही नाही, एकेरी, एखाद्या पोराला हाक मारावी तसं. एकदा. मग परत. मग परत.

ते वळले.

घळ बघितली. कोळिणीने दोन्ही हात वर करून त्यांना दाखवलं, इकडून नको, तिकडून, तिकडून ये. ते उतरले. पाणी कमरेला, मग छातीला. मी बघितलंच नाही पुढे, पोरीच्या डोक्यात तोंड घातलं. परत बघितलं तेव्हा ते वाळूवर उभे होते, नखशिखांत ओले, आणि डोक्यावर रुमालाचं गाठोडं.

"मुडद्या, ती कालवं टाकायची ना!" कोळीण म्हणाली.

"मावशी, एवढ्या मेहनतीने काढलेली." दम लागला होता तरी बोलले. मग कानातलं पाणी झटकत म्हणाले, "मला हाक कोणी मारली?"

मी पोरीचं तोंड पदराने पुसायला लागले.

"बायकोनं मारली, आनि कोन मारील? मना काय तुजा नाव म्हाईत हाय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आवाज आमच्या गिरणीतल्या जॉबरसारखा आहे गं तुझा."

मी रडले तेव्हा. कोळिणीने पोरीला घेतलं, मला तिच्या लोट्यातलं पाणी दिलं आणि परत जाऊन आपली कालवं फोडत बसली.

मग आम्ही गोराईला चालत गेलो. दुसरं करणार काय, मागे मनोरीला जाण्यापेक्षा पुढची गोराईची होडी जवळ होती. चालता चालता त्यांचे कपडे वाळले, पोरगी झोपली, पाणी सगळीकडे भरून शांत झालं होतं, इतकं छान दिसत होतं की बघवत नव्हतं. ते एकदा म्हणाले, "परत घे बघू, मी नीट ऐकलं नाही." मी म्हटलं गप बसा. बसमधे त्यांना झोप लागली. मी बोरिवलीपर्यंत त्यांची छाती वरखाली होताना बघत बसले. बघा, मला खरंच वाटत होतं की आता थांबेल.

घरी आलो. सासूबाईंनी कालवं बघितली, खूष झाल्या, पातेलं काढलं. मी पाणी मागितलं तर माझा आवाजच फुटेना. घसा पार बसलेला.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "कोणाक हाको मारी होतंस?"

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. ते सांगायच्या तयारीत होते, त्यांना तर गंमतच वाटत होती. आणि मला एका क्षणात दोन्ही दिसलं. सांगितलं तर आता ह्यांना जरा ताप आला तरी सासूबाई रात्रभर माझ्याकडे बघत बसणार. पण असंही वाटलं की सांगावं. नाव घेतलं म्हणून माणूस वाचला, मेला नाही, हे त्यांनापण कळावं. इतकी वर्षं त्या जे मनात धरून बसल्यात ते थोडं हलकं होईल. का उलटंच होईल? मला कळेना.

मी डोळ्यांनीच मिस्टरांना गप्प केलं. म्हटलं, "ह्यांना. अहो म्हणून."

सासूबाई चुलीकडे वळल्या. पाणी तापत ठेवलं, त्यात मीठ टाकलं, गुळण्या करायला माझ्या हातात पेला दिला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो म्हणान कोणाचो घसो बसना नाय."

त्यांनी पातेलं परत उचललं. मी गुळण्या केल्या. ह्यांना अजून काही झालेलं नाही, बरे आहेत, रविवारी बस पकडतात. पण कधी साधा खोकला झाला तरी सासूबाई नि मी, दोघी एकदमच त्यांच्याकडे बघतो आणि मग एकमेकींकडे.

तुम्ही माझ्या जागी असता तर काठावर काय केलं असतं? आणि त्या पेल्यासमोर काय केलं असतं?